नारळ देण्याची रीत

रायपूरच्या पंडरी भागात, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे घर आहे. आजोबा नागपूरहून कचेरीतल्या नोकरीसाठी इकडे आले, वडिलांनी पंडरीत जागा घेतली आणि मी इथेच म्हातारा झालो. गल्लीत मराठी घरे थोडी, छत्तीसगढी आणि सिंधी घरे जास्त. सगळ्यांचे मिळून एक लहानसे गणेशोत्सव मंडळ आहे. अकरा वर्षे मी त्याचा सचिव होतो आणि त्याच काळात माझ्या हातून एक चूक झाली. राजकीय पक्षांनी आपले नेते कसे निवडावेत आणि कसे काढावेत, या मोठ्या प्रश्नाकडे मी त्या लहान चुकीतूनच पाहायला शिकलो. म्हणून आधी ती सांगतो.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा. त्यांनीच मंडळ काढले, पहिली मूर्ती स्वतःच्या पैशाने आणली, पहिला मांडव स्वतःच्या हाताने बांधला. बावीस वर्षे तेच अध्यक्ष होते. दरवर्षी नागपंचमीच्या सुमारास सभा भरे, कोणीतरी म्हणे, ‘‘अण्णाच!’’, बाकीचे टाळ्या वाजवत आणि चहा येई. यालाच आम्ही निवडणूक म्हणत होतो. शेवटच्या चार-पाच वर्षांत अण्णांना विसरायला होऊ लागले. पावतीपुस्तके सापडत नसत. मांडववाल्याला पैसे दोनदा दिले जात आणि बँडवाल्याला एकदाही नाही. अण्णांनी एका पैशालाही हात लावला नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. आता त्यांच्याकडून काम होत नाही, हेही तितकेच पक्के ठाऊक होते. पण ते म्हणायचे कसे? सभेत उठून ‘आता दुसऱ्याला होऊ द्या’ म्हणणे म्हणजे बावीस वर्षांवर बोळा फिरवणे. मी गप्प राहिलो आणि हिशेब घरी बसून जुळवत राहिलो.

गल्लीतली मुले मात्र गप्प राहिली नाहीत. त्यांनी हिशेब मागितला. अण्णा दुखावले, मुले तापली आणि पुढच्या वर्षी पन्नास पावलांवर दुसरा मांडव उभा राहिला. मग भांडण कशावरून? समई कोणाची, सतरंज्या कोणाच्या, झांजांचा डबा कोणाकडे आणि ‘मूळ मंडळ’ हे नाव कोणाचे. वर्गणी अर्धी-अर्धी झाली. विसर्जनाच्या दिवशी दोन मिरवणुका एकाच चौकात समोरासमोर आल्या आणि पोलिसांना मध्ये उभे राहावे लागले.

त्या रात्री अण्णा मला म्हणाले, ‘‘तुला सगळं ठाऊक होतं ना रे? मग मला का नाही सांगितलंस?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला वाटत होते की मी त्यांचा मान राखला. खरे तर मान राखून निघता येईल अशी एकच वाट त्यांच्याकडे होती आणि ती मीच बंद केली होती.

पुढे मी आपल्या भाषेतले शब्द आठवून पाहू लागलो. नेत्याला पदावरून दूर करण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, डच्चू, पत्ता कट. प्रत्येक शब्दाला ओरखडा आहे. ज्याने प्रश्न विचारला त्याच्यासाठीही शब्द तयार असतात: बंडखोर, फितूर, गद्दार. दूर करणे ही रोजच्या व्यवहारातली, शिस्तीने होणारी गोष्ट असू शकते, असे सुचवणारा शब्द सहजी सापडत नाही. ‘पायउतार’ थोडा सौम्य आहे, पण ती क्रिया नेत्याने स्वतः करायची असते. आणि एक वाक्प्रचार आहे: नारळ देणे. नारळ आपल्याकडे शुभ. पाहुण्याला निरोप देताना, सत्काराच्या वेळी शालीबरोबर आपण तोच हातात ठेवतो. तरीही ‘त्याला नारळ दिला’ म्हटले की ऐकणारा हसतो. सन्मानाने निरोप देण्याची खूण आपण टिंगलीची करून टाकली आहे.

इथल्या छत्तीसगढीत ‘सियान’ असा एक सुंदर शब्द आहे. सियान म्हणजे वडीलधारा, चार माणसांत ज्याचे ऐकले जाते तो. सियानाला मुदत नसते. ‘माजी सियान’ असे कोणी म्हणत नाही. घरात आणि गावात हे ठीकच आहे. अडचण एवढीच, की आपण पक्षाध्यक्षाकडेही सियान म्हणूनच पाहतो. सियानाला आपण निवडत नाही, तो असतो. अध्यक्षाला आपण निवडतो, निदान कागदावर तरी. आता, ज्याला निवडले त्याला परत पाठवता येत नसेल, तर आपण त्याला खरोखर निवडले होते का?

या प्रश्नावर विचार करायला रायपूरच्या मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. आमच्या घरातच १९३८ सालचे एक भांडण कितीतरी वर्षे चालू होते. आजोबा डॉ. नारायण भास्कर खरे यांच्या बाजूचे, तर शेजारपाजारचे लोक पंडित रविशंकर शुक्ल यांच्या. शुक्ल रायपूरचे नामवंत वकील. इथले विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने आहे. खरे नागपूरचे, पेशाने डॉक्टर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३७ साली काँग्रेसचे सरकार आले, तेव्हा खरे मुख्यमंत्री झाले. त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. शुक्ल त्यांच्या मंत्रिमंडळात होते.

मंत्रिमंडळ जुळले नाही. महाकोशल आणि मराठी भाग यांच्यातली जुनी ओढाताण होती, माणसामाणसांतली चुरस होती. मे १९३८मध्ये पचमढीला तडजोड झाली, पण ती टिकली नाही. २० जुलैला खरे यांनी राजीनामा दिला आणि दोन मराठी भाषक मंत्री त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. नेत्याने राजीनामा दिला की सर्वांनीच द्यायचा, असे खरे यांचे म्हणणे. शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या तिघांनी नकार दिला. वर्ध्याला काँग्रेसची कार्यकारिणी भरायची होती आणि पक्षश्रेष्ठींनी सांगितल्याशिवाय आम्ही जाणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांनी दुसऱ्याच दिवशी नवे मंत्रिमंडळ बनवले. ते जेमतेम दोन-तीन दिवस टिकले. श्रेष्ठींनी खरे यांना पुन्हा राजीनामा द्यायला लावला. कार्यकारिणीने त्यांना दोषी ठरवणारा ठराव केला आणि २७ जुलैला वर्ध्यात आमदारांची बैठक होऊन शुक्ल नेते निवडले गेले. अध्यक्षस्थानी होते काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस.

आजोबांचा युक्तिवाद साधा होता. खरे यांना आमदारांनी नेता निवडले होते, ते विधानसभेला जबाबदार होते. मग वर्ध्यात बसलेल्या, विधानसभेत पाऊलही न ठेवलेल्या माणसांनी त्यांना काढायचे कोण? शेजाऱ्यांचा युक्तिवादही तितकाच साधा होता. लोकांनी मते काँग्रेसला दिली होती, खरे यांना नव्हे. आणि ज्या काँग्रेसने परक्या सत्तेशी लढायचे, तिच्या नेत्याने त्याच सत्तेच्या गव्हर्नरकडून आपले सहकारी बडतर्फ करवून घ्यायचे, हे कसे चालेल?

पूर्वी मला यातली एक बाजू निवडावीशी वाटे. आता वाटते की दोन्ही बाजू एकच उणीव दाखवत होत्या. नेता निवडायची एक जागा होती आणि काढायची दुसरीच. निवडले आमदारांनी, काढले श्रेष्ठींनी आणि मग पुन्हा ‘निवडले’ आमदारांनी, तेही श्रेष्ठींच्या डोळ्यांसमोर. खरे चुकले असतील. पण त्यांची चूक ज्यांच्यापुढे मांडायला हवी होती, त्यांच्यापुढे ती आधी मांडलीच गेली नाही. खरे यांच्या मनातली कडवट भावना शेवटपर्यंत गेली नाही. ते काँग्रेसपासून दुरावले, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, हिंदू महासभेत गेले. विदर्भातल्या कितीतरी मराठी घरांत ‘आमच्या माणसाला घालवले’ ही ठुसठुस राहिली. ती ठुसठुस घेऊन आजोबा रायपुरात, शुक्लांच्या गावात, चाळीस वर्षे जगले.

वर्ध्याच्या त्या बैठकीला नऊ महिने झाले नाहीत तोच अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसावरही पाळी आली. २९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबू काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहिले. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्या यांना होता. बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी जिंकले. ही निवडणूक खरीखुरी होती: दोन उमेदवार, मोजलेली मते, अनपेक्षित निकाल. मार्चमध्ये अधिवेशन भरले ते जबलपूरजवळच्या त्रिपुरीला, म्हणजे आमच्याच प्रांतात. तिथे गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव मंजूर झाला. अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा त्याचा आशय होता. हात-पाय बांधलेल्या अध्यक्षाने एप्रिलअखेर राजीनामा दिला. त्यांना कोणी काढले? कोणीच नाही. काढण्याचा ठराव कोणी मांडला नव्हता, त्यावर मतदान झाले नव्हते. फक्त त्यांना राहता येणार नाही, अशी व्यवस्था झाली होती.

काँग्रेसच्या सर्वांत मोठ्या माणसांच्या काळातली ही गोष्ट आहे. त्या माणसांच्या त्यागाबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. माणसे चांगली असली की नियमांची गरज उरत नाही, हा आपला आवडता समज त्रिपुरीला खोटा ठरला. चांगल्या माणसांनीही नेता काढताना आडवाट धरली, कारण सरळ वाट कोणी आखलीच नव्हती.

आता आजच्या महाराष्ट्राकडे येतो. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली. पक्षप्रमुख उद्धव ठाकरे एका बाजूला, एकनाथ शिंदे दुसऱ्या बाजूला. शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ४० शिंदे यांच्याकडे गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यावर कोणाचे काय मत आहे, हे बहुधा तो कोणाला मत देतो यावरून ओळखता येते. मला त्यातला एकच भाग इथे घ्यायचा आहे. संघटनेत बहुमत कोणाचे, हे आयोगाला तपासता आले असते. पण पक्षाची २०१८ची घटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडून न येता नेमले गेले आहेत, असे म्हणून आयोगाने ती कसोटी बाजूला ठेवली आणि आमदार-खासदारांची संख्या मोजली. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३च्या निकालात सांगितले की प्रतोद नेमण्याचा हक्क राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. पण पक्ष म्हणजे नेमके कोण? जानेवारी २०२४मध्ये विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली. तसे करताना त्यांनी पक्षाची १९९९ची घटना धरली आणि पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे, असा अर्थ लावला.

निकाल बरोबर की चूक, हे बाजूला ठेवू. त्यातून दिसणारी गोष्ट मला विलक्षण वाटते. ज्या नेत्याला पक्षात कोणी काढू शकत नव्हते, त्याला वेळ आली तेव्हा आपल्याला पक्षाने निवडले आहे, हे मान्य होईल अशा रीतीने दाखवता आले नाही. मैदाने भरवणारी माणसे होती, घरोघरी जुनी निष्ठा होती. नव्हती ती मोजता येईल अशी संमती. आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही, नेता बदलायचा तर पक्षाच्या आत काही मार्ग होता का? एखादी सभा, एखादे मतदान? त्यांनी सुरत, गुवाहाटी गाठली. त्यामागे इतर कारणे होती, हे मला ठाऊक आहे आणि ती सगळी शोभणारी नव्हती. पण घराला दार नसले की रागावलेला माणूस भिंत फोडूनच बाहेर पडतो. मग भिंत कोणी फोडली याची चौकशी वर्षानुवर्षे चालते आणि दार का नव्हते, हे कोणी विचारत नाही.

राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये हेच थोड्या वेगळ्या रूपात घडले. २ मे २०२३ रोजी ‘लोक माझे सांगाती’ या आत्मकथेच्या नव्या आवृत्तीच्या प्रकाशनात शरद पवार यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. सभागृहात कार्यकर्ते रडले, घोषणा झाल्या. तीन दिवसांनी पक्षाच्या समितीने राजीनामा नाकारला आणि पवारांनी तो मागे घेतला. २ जुलैला अजित पवार आणि आणखी आठ जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. पुढच्या फेब्रुवारीत नाव आणि घड्याळ त्यांच्याकडे गेले आणि इथेही आयोगाला शेवटी आमदार-खासदारांच्याच संख्येचा आधार घ्यावा लागला. मेमधल्या त्या तीन दिवसांत ‘यानंतर कोण?’ हा प्रश्न पहिल्यांदाच उघडपणे पक्षासमोर आला होता. अश्रूंनी तो झाकला गेला. रडणारी माणसे खोटी नव्हती. मीही अण्णांसाठी तसाच रडलो असतो. पण ‘जाऊ नका’ म्हणणे आणि ‘पुन्हा निवडतो’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कृतज्ञतेतून येते, दुसरी अधिकारातून.

हे काही दोन पक्षांचेच दुखणे नाही. १० डिसेंबर २०२३ रोजी आमच्याच रायपुरात भाजपच्या ५४ आमदारांची बैठक झाली आणि विष्णुदेव साय यांचे नाव नेता म्हणून जाहीर झाले. त्या दिवशी सकाळी कापड बाजारात ज्याच्या-त्याच्या तोंडी वेगळे नाव होते. दिल्लीहून निरीक्षक आले, बैठक झाली, एकमत झाले. त्याआधीची पाच वर्षे काँग्रेसच्या राजवटीत ‘अडीच-अडीच वर्षे’ या कथित समझोत्याची चर्चा चालू होती आणि ऑगस्ट २०२१मध्ये आमदारांचे जथे दिल्लीला जाऊन आले होते. असा समझोता होता की नव्हता, हे छत्तीसगढच्या मतदाराला कोणी कधी अधिकृतपणे सांगितले नाही. वर्धा ते दिल्ली अंतर वाढले, रीत तीच राहिली. उलट २०२२च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी मतदान घेतले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७८९७ आणि शशी थरूर यांना १०७२ मते पडली. निकाल काय लागणार, हे सर्वांना माहीत होते. तरी हरलेल्या माणसाला गद्दार न म्हणता त्याची मते मोजून जाहीर केली गेली, एवढ्याचेही मला अप्रूप वाटले.

आता यावरच्या आक्षेपांचा विचार करायला हवा, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप घर बांधणाऱ्याचा. ज्याने पक्ष उभा केला, तुरुंगात गेला, सतरंज्या घातल्या, त्याला काल आलेल्यांनी काढायचे? अण्णांच्या बाबतीत माझ्या मनात हेच होते. पण पक्ष हे घर नाही. त्याला निवडणूक आयोगाकडे नोंदणी मिळते, चिन्ह मिळते, त्याच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो. १९८५पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे आणि पक्षाचा आदेश मोडणाऱ्या आमदाराची आमदारकीच जाऊ शकते. म्हणजे मतदाराने निवडलेल्या माणसावर पक्षाचा हुकूम चालतो. इतकी सार्वजनिक सत्ता ज्याच्या हाती, तो पक्ष संस्थापकाची मालमत्ता कसा राहील? संस्थापकाचे ऋण असते, ते फेडायलाच हवे. पण ऋण फेडायला खुर्ची द्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप स्थैर्याचा. काढणे सोपे झाले की रोज कट शिजतील. ब्रिटनकडे पाहा, असे लोक म्हणतात. तिथे लिझ ट्रस यांना २०२२मध्ये पक्षाच्या सभासदांनी निवडले आणि दीड महिन्यात स्वतःच्या खासदारांपुढे त्यांना टिकता आले नाही. २०१६मध्ये मजूर पक्षाच्या १७२ खासदारांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४० होते. आणि तीनच महिन्यांत सभासदांनी त्यांना सुमारे ६२ टक्के मतांनी पुन्हा निवडले. गोंधळ झाला, हे खरे. पण नीट पाहिले तर हा गोंधळही वर्ध्याचाच आहे: निवडणारे एक, काढू पाहणारे दुसरे. तिथे फरक एवढाच, की भांडण कोणत्या नियमाखाली चालले आहे, हे सर्वांना वाचता येत होते आणि पक्षाचे दोन तुकडे होऊन चिन्हासाठी न्यायालयात जायची वेळ आली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पक्षात लोकशाही आणायची तर ती कोण आणणार? सरकारने कायदा केला, तर विरोधी पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत खोट काढायचे नवे हत्यार सरकारच्या हाती येईल. जर्मनीच्या राज्यघटनेत पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी, असे कलम आहे. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९मध्येच पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केली होती. पण पक्षाने आपली घटना मोडली म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये म्हटले आहे आणि मला त्यात शहाणपण दिसते. सुरी धारदार करण्याआधी ती कोणाच्या हातात जाणार, हे पाहावे.

म्हणून मी कायद्याकडे थोडेच मागेन. पक्षाने नेता कसा निवडायचा, हे कायद्याने सांगू नये. पण जी काही रीत असेल ती लिहिलेली असावी, छापलेली असावी आणि मतदाराला वाचता यावी. मत देणाऱ्या सभासदांची यादी उमेदवारांना निवडणुकीआधी मिळावी. पदाला मुदत असावी. मतदान गुप्त असावे, कारण हात वर करून नेत्याविरुद्ध मत देणारा माणूस विरळा. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्यांनी निवडले त्यांनाच काढता यावे. त्यासाठी किती सह्या लागतील, किती दिवसांत सभा भरेल, नेत्याला आपली बाजू मांडायला किती वेळ मिळेल, हे आधीच ठरलेले असावे. सह्यांची संख्या मोठी ठेवा, एकदा ठराव फसला तर वर्षभर दुसरा नको, असेही म्हणा. दार जड असायला हरकत नाही. ते भिंतीत कुठे आहे, हे सर्वांना माहीत असावे.

एवढे केले तरी कायद्याच्या हाती नसलेला एक भाग उरतो आणि तो आपल्या मनाचा आहे. ‘मला वाटते, आता दुसरे कोणी असावे’ हे वाक्य बोलणाऱ्याला आपण काय समजतो? भक्त आणि गद्दार यांच्यामध्ये एक जागा आहे. तिथे उभा असलेला माणूस नेत्याचे उपकार मानतो आणि तरीही त्याला मत देत नाही. ही जागा आपल्या राजकारणात जवळजवळ रिकामी आहे, कारण ती आपल्या घरांत, मंडळांत, संस्थांतही रिकामी आहे. मी तिथे उभा राहायला हवा होतो आणि राहिलो नाही. दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या कार्यकर्त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

आमची दोन मंडळे सहा वर्षांनी एक झाली. अण्णा तोवर गेले होते. समेट करताना वहीच्या पहिल्या पानावर आम्ही चार ओळी लिहिल्या: अध्यक्षाची मुदत तीन वर्षे, जास्तीत जास्त दोनदा. मत चिठ्ठीने. एक तृतीयांश सभासदांनी मागितले तर पंधरा दिवसांत सभा. आणि जाणाऱ्या अध्यक्षाला सर्वांसमोर शाल आणि नारळ. शेवटची ओळ माझ्या आग्रहाने आली. मुले हसली होती.

आता गंमत अशी, की गेली सहा वर्षे अध्यक्ष मी आहे. या भाद्रपदात माझी दुसरी मुदत संपते. गेल्या महिन्यात दोन-तीन जण घरी येऊन म्हणाले, ‘‘काका, नियमाचं काय एवढं, तुम्हीच राहा.’’ त्यांच्या बोलण्यात माया होती आणि मला ते फार गोड वाटले. रात्री वही काढून पहिले पान पाहिले. ती चौथी ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अण्णा होते, मी नव्हतो. एक क्षण असेही मनात आले, की ‘जास्तीत जास्त दोनदा’ म्हणजे सलग दोनदा, असा अर्थ लावता येईल का?

तो क्षण गेला. सकाळी मी सचिवाला सभेची नोटीस काढायला सांगितले आणि त्यात ‘नवीन अध्यक्षाची निवड’ हा विषय पहिला घालायला लावला. नारळ मात्र त्यांनीच आणायचा आहे.